परवाना पोलिसांचा, पाणी आपले

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका, यांस


आपल्या कचेरीतून बाहेर पडून महापालिका मार्ग ओलांडला की आझाद मैदानाचा तो भाग लागतो, जेथे वर्षाचे बाराही महिने कोणी ना कोणी बसलेले असते : कधी मानधनवाढीसाठी आलेल्या अंगणवाडी सेविका, कधी अनुदानाची वाट पाहून थकलेले विनाअनुदानित शाळांतील शिक्षक, कधी घरांच्या सोडतीची आठवण करून देणारे गिरणी कामगारांचे वारस, तर कधी वनजमिनीचा सातबारा आपल्या नावावर व्हावा म्हणून डोंगर उतरून आलेले आदिवासी. यांपैकी बहुतेकांचे गाऱ्हाणे आपल्याविरुद्ध नसते. ते मंत्रालयाकडे तोंड करून बसलेले असतात, आणि त्यांच्या मागण्यांचा निकाल लावणे आपल्या अखत्यारीतही नाही. तथापि सतरंजी अंथरल्यापासून पहिल्या तासाभरातच त्यांना ज्या गोष्टींची निकड भासते, म्हणजे प्यायला पाणी, आडोशाचे शौचालय, रात्री दिवा आणि सकाळी कोणी तरी उचलून नेलेला कचरा, त्या झाडून साऱ्या आपल्या खात्यांच्या ताब्यातील आहेत. या पत्राचा विषय तेवढाच आहे. कोणाची मागणी न्याय्य आणि कोणाची अवास्तव, या वादात मी येथे शिरत नाही. कारण तहान लागण्यासाठी मागणी न्याय्य असावी लागत नाही.

प्रथम हे लोक याच मैदानात का येतात, ते पाहू. एके काळी मोर्चे काळा घोड्यापर्यंत आणि ओव्हलपर्यंत जात असत. पुढे नरिमन पॉइंट व चर्चगेट परिसरातील रहिवाशांनी आपल्या रोजच्या कोंडीबद्दल उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून दक्षिण मुंबईत निदर्शनांसाठी आझाद मैदानाचा राखून ठेवलेला भाग हेच एक ठिकाण उरले. २०२५ मध्ये तर शासनाने या मैदानातील सभा, आंदोलने व मिरवणुका यांसाठी स्वतंत्र नियमावलीच जारी केली. सर्वोच्च न्यायालयाचा कौलही साधारणतः याच दिशेचा आहे. हिंमतलाल शहा यांच्या खटल्यात शासनाला सार्वजनिक जागी सभा घेण्याचे नियमन करता येते, सरसकट मनाई करता येत नाही, असे ठरले; आणि शाहीन बागेसंबंधीच्या २०२० च्या निकालात सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून बसता येणार नाही, निदर्शने नेमून दिलेल्या जागीच व्हावीत, असे न्यायालयाने सांगितले. या साऱ्याचा इत्यर्थ असा, की नागरिकाने कोठे बसावे हे आता नागरिक ठरवीत नाही, राज्य ठरविते. ज्याने पाहुण्याला सर्व दारे बंद करून एकच ओसरी दाखविली, त्याने त्या ओसरीवर पाण्याचा तांब्या ठेवला नाही, तर ती ओसरी दाखविण्यात सौजन्य कोणते?

आता २०२५ च्या ऑगस्टअखेरचे दिवस आठवावेत. मराठा आरक्षणासाठी श्री. मनोज जरांगे पाटील यांच्या उपोषणाला पोलिसांनी २९ ऑगस्टचा परवाना दिला, तो एका दिवसाचा, सायंकाळी सहापर्यंतचा आणि ५,००० माणसांचा होता. गणेशोत्सवाचा तो तिसरा दिवस होता, पाऊस कोसळत होता, आणि मराठवाड्यातून निघालेल्या गाड्यांच्या रांगा पाहणाऱ्या कोणालाही हे दिसत होते की येणारी माणसे परवान्यातील आकड्याच्या कितीतरी पट असणार. झाले ते तसेच. मैदानाचा चिखल झाला, आसपासची खाण्याची दुकाने बंद राहिली, पाण्याची आणि शौचालयांची तक्रार पहिल्याच दिवशी सुरू झाली, आणि पावसापासून आसरा शोधीत माणसे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फलाटांवर, भुयारी मार्गांत व फुटपाथांवर जाऊन निजली. त्यानंतर आपली यंत्रणा हलली, हे न्यायाने सांगितले पाहिजे : टँकर आले, फिरती शौचालये आली, चिखलावर खडी पडली, वैद्यकीय कक्ष उभे राहिले, सफाई कामगारांच्या पाळ्या वाढल्या. गावोगावहून भाकरी, ठेचा आणि चिवड्याची पोती भरून टेम्पो आले. १ सप्टेंबरला उच्च न्यायालयाने रस्ते मोकळे करण्याविषयी कडक शब्दांत बजावले, २ सप्टेंबरला शासनाचा निर्णय हाती पडल्यावर उपोषण सुटले, आणि माणसे परतली. परंतु त्या पाच दिवसांत मुंबईकरांना जो त्रास झाला आणि आलेल्यांना ज्या हालअपेष्टा सोसाव्या लागल्या, त्यांतील निदान अर्धा भाग मागणीच्या तीव्रतेतून उद्भवलेला नव्हता. पाणी मागाहून आले, यातून तो उद्भवला होता.

मागाहून येणे हाच या कारभारातील मूळ दोष आहे, आणि त्याचे कारण शोधू गेल्यास ते एका कागदी समजुतीत सापडते. पोलीस परवान्यात एक आकडा लिहितात; तो आकडा बंदोबस्तासाठी आणि कायद्याच्या दृष्टीने मर्यादा म्हणून लिहिलेला असतो; परंतु खाली उतरता उतरता तोच आकडा पाण्याचा, शौचालयांचा आणि दिव्यांचाही अंदाज होऊन बसतो. मग ५,००० च्या पलीकडील माणूस हा कायद्याच्या दृष्टीने जसा अनधिकृत, तसा तहानेच्या दृष्टीनेही अनधिकृत ठरतो. अधिक माणसांसाठी आगाऊ तजवीज करावी, तर परवान्याचा भंग होणार हे आपण गृहीत धरले असे दिसेल, या संकोचाने अंमलदार गप्प राहतो; आणि खरी संख्या सांगावी, तर परवानाच नाकारला जाईल, या भीतीने आंदोलकही गप्प राहतो. दोन्ही पक्षांना खरे काय ते ठाऊक असते, आणि दोन्ही पक्ष एका खोट्या आकड्यावर सही करतात. या परस्परसंमत असत्याची किंमत मैदानावरची म्हातारी आणि फलाटावरून लोकल पकडणारा कारकून, अशी दोघे मिळून देतात.

म्हणून माझी आपणांस मुख्य विनंती ही, की परवाना आणि पाणी या दोन बाबी एकमेकींपासून कायमच्या सोडवाव्यात. किती माणसांना बसू द्यावे, किती वाजता उठवावे, ध्वनिक्षेपक किती मोठा असावा, हे पोलिसांनी आणि न्यायालयाने ठरवावे. ती त्यांची हुकमत आहे. जी माणसे प्रत्यक्ष आली आहेत, त्यांना पाणी द्यावयाचे की नाही, हा प्रश्न त्या हुकमतीखाली येऊच नये. आपला १८८८ चा अधिनियम महानगरपालिकेची जी आवश्यक कर्तव्ये मोजतो, त्यांत सार्वजनिक शौचालये व मुताऱ्या बांधणे आणि स्वच्छ राखणे, रस्त्यांवरील घाण उचलणे आणि पाणीपुरवठ्याची व्यवस्था राखणे ही कर्तव्ये आहेत. आणि ती कर्तव्ये कोणाच्या राजकीय वर्तनाच्या दाखल्यावर अवलंबून ठेवलेली नाहीत.

हे काम मुंबईला नवे आहे, असे तर कोणीच म्हणू शकणार नाही. दरवर्षी ६ डिसेंबरच्या आधी चार-सहा दिवस शिवाजी पार्कात जे नगर उभे राहते, ते आपणच उभे करता. चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखो अनुयायांसाठी मांडव, नळांच्या रांगा, टँकर, तात्पुरती शौचालये व न्हाणीघरे, आरोग्यकक्ष, दिवे, नियंत्रणकक्ष, धुळीपासून बचावासाठी जमिनीवर आच्छादन, एवढेच काय, भ्रमणध्वनीत वीज भरण्याची सोय, ही सारी तजवीज महानगरपालिका स्वतःचे कर्तव्य म्हणून करते, आणि ती करताना येणाऱ्याची संख्या कोणत्याही परवान्यातून काढीत नाही, मागील वर्षांच्या अनुभवातून काढते. आषाढी वारीच्या मार्गावरील जिल्हा परिषदा आणि नगरपालिकाही तेच करतात : सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी अशा एकेका पालखीतळावर एक-दोन रात्रींपुरते शहर वसते आणि उठते, आणि त्या तळावर पाणी कोठे, दवाखाना कोठे, फिरती शौचालये कोठे, हे गावच्या ग्रामसेवकाला कोणी सांगावे लागत नाही. माणसे तीच. बीडची, नांदेडची, नाशिकची, पालघरची. भक्तिभावाने आली तर त्यांची संख्या आपण अनुभवाने ओळखतो, आणि गाऱ्हाणे घेऊन आली तर तीच संख्या आपल्याला अर्जात वाचावी लागते, हा भेद प्रशासनाच्या असमर्थतेचा नाही; तो दृष्टीचा आहे.

गणित मांडूनच पाहावयाचे तर तेही अवघड नाही. आपत्तिनिवारणात काम करणाऱ्या जगभरच्या संस्थांनी मान्य केलेली ‘स्फिअर’ नावाची जी किमान प्रमाणे आहेत, त्यांनुसार तात्पुरत्या वस्तीतील माणसाला पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी व स्वच्छतेसाठी मिळून दिवसाला १५ लिटर पाणी लागते, प्रारंभीच्या दिवसांत निदान ५० माणसांमागे एक शौचकूप लागतो, आणि स्त्रियांसाठीचे शौचकूप पुरुषांच्या तिप्पट असावेत असे सांगितलेले आहे. म्हणजे ज्या ५,००० माणसांना आपण कागदावर परवानगी देतो, तेवढ्यांनाच दिवसाला ७५,००० लिटर पाणी, म्हणजे १०,००० लिटरचे आठ टँकर, आणि १०० शौचकूप हवेत. माणसे २०,००० आली तर ३ लाख लिटर आणि ४०० शौचकूप. हे आकडे मोठे वाटतात खरे. परंतु मुंबईला रोज जे सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी पुरविले जाते, त्याचा हा दहा हजारावा हिस्सादेखील होत नाही.

आणि ते पाणी येते कोठून, याचाही विचार या प्रसंगी झाला पाहिजे. विहार आणि तुळशी ही दोन छोटी तळी सोडली तर आपली बाकीची पाच धरणे, म्हणजे तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा आणि ऊर्ध्व वैतरणा, ही सह्याद्रीच्या कुशीतील शहापूर, मोखाडा, इगतपुरी या मुलखाच्या परिसरात आहेत. आणि त्याच मुलखातील कित्येक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बायका टँकरची वाट पाहत हंडे रांगेत लावून बसतात. २०१८ च्या मार्चमध्ये किसान सभेचा जो लाँग मार्च निघाला, तो ६ तारखेला नाशिकहून निघून कसारा घाट उतरून, शहापूरवरून, भिवंडी आणि ठाण्यातून, सुमारे १८० किलोमीटर पायी चालत मुंबईस आला. ज्या जलवाहिन्या त्यांच्या डोंगरांचे पाणी शहरात आणतात, त्यांच्याच दिशेने ती माणसे चालत होती. त्यांतील पुष्कळांच्या पायांत धड वहाण नव्हती. सोललेल्या तळव्यांची ती छायाचित्रे साऱ्या देशाने पाहिली. ११ मार्चच्या रात्री ते शीवच्या सोमय्या मैदानावर मुक्कामाला होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहावीच्या परीक्षेचा पेपर होता, आणि मोर्चा दिवसा निघाला तर मुले परीक्षेला वेळेवर पोहोचणार नाहीत, हे ध्यानी येताच दिवसभर चालून थकलेल्या त्या हजारो माणसांनी मध्यरात्री पुन्हा चालावयास आरंभ केला आणि उजाडण्यापूर्वी आझाद मैदान गाठले. वाटेत मुंबईकर पाणी, बिस्किटे, चपला घेऊन उभे राहिले, डॉक्टरांनी फोड बांधले, आणि १२ मार्चला लेखी आश्वासन मिळताच खास रेल्वेगाडीने ती माणसे घरी परतली.

या प्रसंगाचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु त्यातील जो बोध कारभाराने घ्यावयास हवा होता, तो घेतला गेला नाही. तो मोर्चा शिस्तीने पार पडला, याचे श्रेय चालणाऱ्यांच्या सौजन्याला तर आहेच, पण तेवढ्यानेच ते काम झाले नसते. पुढील मुक्काम कोठे, तेथे पाणी कोणाचे, भांडी कोणत्या टेम्पोत, हे त्यांच्या मंडळींनी आधी ठरविले होते, आणि वाटेवरच्या पोलिसांशी व अधिकाऱ्यांशी त्यांचे बोलणे चालू होते. आपल्या सत्याग्रहाच्या परंपरेत ही गोष्ट नवी नाही. १९३० च्या दांडीयात्रेत गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची ‘अरुण तुकडी’ यात्रेच्या पुढे जाऊन प्रत्येक गावची माहिती घेई आणि मुक्कामाची व्यवस्था पाही. परकीय सत्तेशी असहकार पुकारणाऱ्यांनाही मुक्कामाच्या व्यवस्थेत हयगय चालत नव्हती, आणि आपण मात्र स्वकीय सरकारशी बोलताना व्यवस्थेचा विषय काढणे म्हणजे लढ्यावर पाणी सोडणे असे समजतो.

नगरपालिकेचा ठराव आणि नगरपालिकेची व्यवस्था यांत अंतर पडले म्हणजे काय होते, हे पाहावयाचे तर महाराष्ट्राला महाडपेक्षा दूर जावयास नको. १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात संमत करून घेतला. त्यास अनुसरून १९२४ च्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. कागद निर्दोष होता. परंतु १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, तेव्हा जमलेल्या माणसांच्या तहानेसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. २० मार्चला त्यांनी तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले, आणि त्यानंतर मांडवात जेवणाऱ्यांवर हल्ला झाला, अन्न मातीत गेले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरावयाची ठरली, तेव्हा जागा मिळेना, अखेर एका मुसलमान गृहस्थाच्या जमिनीवर मांडव पडला. महाडच्या व्यापाऱ्यांनी माल देण्याचे नाकारले म्हणून शिधा बाहेरगावाहून आणावा लागला. आणि दिवाणी न्यायालयाचा मनाईहुकूम आल्यामुळे तळ्यावर जाणे तहकूब करावे लागले. उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल यावयास १९३७ साल उजाडले. ज्या नगरपालिकेने तळे खुले केले, तिने एक पखाल पाणी मांडवात पोहोचविले असते, तर तिच्या ठरावाला प्राण लाभला असता.

आता दोन आक्षेप, जे आपल्या कानी पडतच असतील. आपल्या बाजूचे लोक म्हणतील की सोय केली की मुक्काम लांबतो. अनुभव याच्या उलट आहे. एस. टी. कर्मचाऱ्यांचा मुक्काम २०२१ च्या नोव्हेंबरपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत आझाद मैदानात राहिला, तो महामंडळाच्या शासनातील विलीनीकरणाचा प्रश्न सुटत नव्हता म्हणून. मैदानावरचे पाणी गोड लागले म्हणून कोणी पाच महिने पगार बुडवीत नाही. पाणी तोडल्याने माणूस घरी जात नाही. तो पाण्याच्या शोधात रस्त्यावर, स्थानकात, दुकानाच्या पायरीवर जातो, आणि मैदानात मावलेले आंदोलन शहरभर सांडते. दुसरा आक्षेप आंदोलकांच्या बाजूचा : सरकारशी बसून आराखडा केला, तर तो सरकारी मांडव झाला, त्यात लढा कोठे उरला? या शंकेत तथ्य आहे, आणि म्हणूनच सहकार्याची सीमा आखून घेतली पाहिजे. महानगरपालिकेने पाणी, स्वच्छता, दिवे, दवाखाना आणि आगीपासून सुरक्षितता यांपलीकडे पाऊल टाकू नये. व्यासपीठावर कोण बोलणार, फलकांवर काय लिहिले आहे, शिधा कोणी पाठविला, वर्गणी कोणी दिली, हे विचारण्याचा तिला काडीचाही अधिकार नाही. आणि टँकरच्या तोंडावर कोणत्याही पुढाऱ्याचे छायाचित्र लागू नये. पाणी देणाऱ्याने मिंधेपणाची अपेक्षा केली नाही, तर घेणाऱ्याला मिंधे वाटण्याचे कारण उरत नाही.

या सीमेच्या आत राहून काय करता येईल, ते सांगतो. पोलिसांकडे अर्ज दाखल होताच त्याची एक प्रत आपल्या ‘ए’ विभागाच्या कार्यालयात यावी, आणि तेथील एका नेमलेल्या अधिकाऱ्याने पोलीस, रेल्वे, बेस्ट आणि अर्जदार यांना एकत्र बोलवावे. परंतु ही बैठक कार्यालयातील मेजाभोवती न होता मैदानावर उभ्याने व्हावी. फक्कीची पिशवी सोबत असावी. वारा कोणत्या बाजूने वाहतो, पाऊस झाला तर पाणी कोठे साचते, रुग्णवाहिका कोठून आत येईल, हे पाहून जागच्या जागी रेघा ओढाव्यात : येथे नळकोंडाळे आणि त्याच्या खाली खडीचा थर, येथून निदान एवढ्या पावलांवर शौचालये, येथे स्वयंपाकाची जागा आणि सिलिंडर एकमेकांपासून दूर, येथे मोकळी वाट, जी कोणत्याही कारणाने अडवावयाची नाही. अग्निशमन दल आपलेच आहे. त्याच्या एका माणसाने त्या रेघांवर नजर टाकावी. शौचालयांची जागा मात्र मोर्चातील बायकांनी दाखवावी. पुरुष पुढारी ती मैदानाच्या अंधाऱ्या कडेला ढकलतात, आणि मग रात्री अकरा वाजता पाचजणी मिळून, एकीच्या हातात भ्रमणध्वनीचा उजेड धरून, चिखलातून तिकडे जातात, किंवा जावे लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. दिव्याचा एक खांब तेथे उभा केल्याने जे साधेल, ते दहा आरोग्यकक्षांनी साधणार नाही.

संख्येच्या बाबतीत अर्जदाराने महानगरपालिकेला जो आकडा सांगितला, तो परवाना नाकारण्यासाठी किंवा गुन्हा नोंदविण्यासाठी वापरला जाणार नाही, अशी लेखी हमी पोलिसांकडून घ्यावी. तेव्हाच खरा आकडा कानी येईल. मुक्कामाच्या आधी आणि नंतर मैदानाचा संयुक्त पंचनामा व्हावा, म्हणजे मैदानाची खराबी कोणाच्या पदरी, हा वाद उरणार नाही. आणि दररोज सकाळी आंदोलकांच्या स्वयंसेवकांनी आपल्या सफाई कामगारांबरोबर झाडू हाती घ्यावा, कारण ते कंत्राटी कामगारही आपल्या मागण्यांसाठी उद्या याच मैदानात बसणार आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे : परवान्याची मुदत संपली, न्यायालयाने उठण्याचा हुकूम दिला, पोलिसांनी घोषणा केली, तरी शेवटचा माणूस मैदानाबाहेर पडेपर्यंत नळ बंद होऊ नये आणि शौचालयाचे दार लावले जाऊ नये. हुकमाची अंमलबजावणी करण्यास राज्याजवळ पुष्कळ साधने आहेत. तहान हे त्यांतील एक साधन असता कामा नये.

हे पत्र आंदोलन करणाऱ्यांच्याही वाचनात येईल, म्हणून दोन शब्द त्यांना. दहा हजार माणसे आणण्याची घोषणा करणाऱ्याने दहा हजार माणसांच्या शौचाची चिंता आधी केली पाहिजे. ती दुसऱ्यावर सोपवून गर्दीचे श्रेय स्वतःकडे घेणे हे नेतृत्व नव्हे. ज्या स्वयंसेवकाला पंगतीला वाढता येते, त्याला नळावरची रांगही लावता येते. आणि मैदानातून स्थानकाकडे जाणारा नोकरदार आपला प्रतिपक्षी नाही, हे परीक्षेच्या मुलांसाठी रात्री चाललेल्या त्या शेतकऱ्यांनी दाखवून दिलेच आहे.

मुंबईत विधिमंडळाची अधिवेशने केव्हा भरतात, हे आपणांस ठाऊक आहे : अर्थसंकल्पाचे उन्हाच्या तोंडावर आणि दुसरे पावसाळ्यात. मोर्चे त्याच सुमारास येतात, आणि ते येणार हे पंचांगात लिहिल्याइतके निश्चित असते. तेव्हा माझी मागणी एवढीच, की पुढील अधिवेशनापूर्वी आझाद मैदानाचा एक कायम स्वरूपाचा मुक्काम-आराखडा, ५,००० माणसांसाठी आणि २०,००० माणसांसाठी असा दुहेरी, महानगरपालिकेने तयार करावा. तो करताना ज्या संघटनांनी तेथे मुक्काम केले आहेत, त्यांना बोलवावे. आणि ‘परवान्याची संख्या व मुदत काहीही असो, उपस्थित माणसाला पाणी, शौचालय व प्रथमोपचार मिळतील’ हे एक वाक्य त्यात प्रथम कलम म्हणून स्वच्छ मराठीत लिहावे. तो आराखडा ‘ए’ विभागाच्या कार्यालयात आणि आझाद मैदान पोलीस ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर लावावा, म्हणजे गावाहून पहिल्यांदा अर्ज घेऊन आलेल्या शिक्षकाला अथवा अंगणवाडी सेविकेला कोणाची शिफारस न आणता आपले हक्क वाचता येतील. यासाठी नवा कायदा नको, नवे खाते नको, आणि शिवाजी पार्कात दरवर्षी होणाऱ्या खर्चाच्या मानाने पैसाही फारसा नको. आपल्या सहीचा एक कागद पुरेल.



आपला,
मुंबईचा एक करदाता नागरिक